घट्ट ठोकलेला गडगडाट

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. जन्माने छपराचा, पेशाने गडगडाटाचा. आकाशातल्या गडगडाटाशी माझे नाते नाही आणि जादूशी तर मुळीच नाही. माझ्या कथेत एका माणसाला त्याच्या स्वार्थाचे फळ भर सभेत, डोक्यावरून मिळते. ते पाहणारे बरेच जण "वरती कोणीतरी आहे बरं!" असे म्हणत घरी गेले. वरती होतो तो मी. मला त्याचा आनंद झाला आणि तो लपवण्याचे कारण मला आजही दिसत नाही.

माझे भाऊबंद कारखान्यातून निघाले ते सरळ गोदामांच्या छपरांवर चढले. मलाही तेच काम होते. पण पत्रे कापणारा कारागीर मला खांद्यावर घेऊन निघाला असता वारा सुटला, मी वाकलो आणि असा काही घुमलो की रस्त्यावरून जाणारा एक गृहस्थ छत्री उघडून उभा राहिला. तो लहान मुलांच्या नाट्यगृहाचा मालक होता. ढग कुठेच नाही हे लक्षात आल्यावर त्याने छत्री मिटली आणि मला मागून घेतले.

त्याने मला रंगमंचाच्या बाजूला, पडद्याआड टांगले. वर दोन भोके, त्यांत चामड्याचे सैल पट्टे, खाली एक लाकडी मूठ. मूठ हलवली की माझ्या अंगातून लहानमोठ्या थरथरी एकदम निघतात. त्यांतल्या बारीक थरथरी पुढे पळतात, जाड मागून येतात. म्हणून आधी कडकडाट ऐकू येतो, मग गडगडाट. एवढेच माझे रहस्य. ते कळल्यावरही मुले दचकत, यात त्यांचा दोष नाही. कान आधी ऐकतात, अक्कल मागून येते.

त्या नाट्यगृहात वर्षानुवर्षे एकच परीकथा लोकांना हवी असे. दोन बहिणी पाण्याची मडकी घेऊन वनातून जातात. वनातला पांढऱ्या दाढीचा म्हातारा दोघींकडे घोटभर पाणी मागतो. धाकटी देते. थोरली "मडकं रिकामं आहे," म्हणून पुढे जाते. शेवटी म्हातारा दोघींना विचारतो, "पाणी दिलं होतं का?" थोरली म्हणते, "दिलं होतं की!" त्या क्षणी मी गडगडतो. सगळी मुले एका आवाजात "खोटंऽऽ!" म्हणून ओरडतात आणि थोरलीच्या डोक्यावर काजळी पडते. मुलांना हे कोणी शिकवावे लागत नसे. पूर्वी ओरडलेल्या मुली आई होऊन आपली मुले घेऊन येत आणि मुलांच्या आधी स्वतःच ओरडत.

काजळी टाकण्याचे काम काजळीवाल्या काकांचे. ते मध्यंतरानंतर तुळईवर चढत आणि चाळणीच्या पेटाऱ्याची दोरी हातात धरून बसत. तिथून त्यांना खालचे काही दिसत नसे. मी गडगडलो की दोरी ओढायची, एवढे त्यांचे शास्त्र. त्यांचा हात आणि माझा आवाज यांच्यात मेंदूला कामच उरले नव्हते.

आणि माझी मूठ धरणारी होती आत्या. ती जुन्या मालकाची धाकटी मुलगी. सगळी मंडळी तिला आत्या म्हणत. फक्त तिचा मोठा भाऊ तिला चिमे म्हणे. पोशाख शिवणे, विसरलेले वाक्य आडून सांगणे, थोरली बहीण झालेल्या नटीच्या केसांतली काजळी तेलाच्या बोळ्याने काढणे आणि वेळेवर मला हलवणे, ही तिची कामे. रंगमंचाला पाठ लावून एक खोली होती, तिच्यात ती राहायची. खाट, शिवणयंत्र, एक नळ, एक खिडकी. त्याहून अधिक तिच्याकडे काही नव्हते आणि त्याहून कमी तिला चालणारे नव्हते.

ती मला प्रयोगानंतर कोरड्या फडक्याने पुसायची. एकदा तिच्या वडिलांनी मला दिव्यांजवळ चारी बाजूंनी आवळून बांधले होते. दिव्यांच्या उष्णतेने मी फुगलो, पसरायला जागा मिळेना आणि प्रयोगाच्या मध्येच कोणी हात न लावता कडाडलो. तेव्हापासून आत्या माझे पट्टे रोज सैल आहेत ना, हे बोट घालून पाहत असे. हे लक्षात ठेवा.

जुने मालक गेले आणि नाट्यगृह दादांकडे आले. दादा म्हणजे आत्याचे मोठे भाऊ. वनातल्या म्हाताऱ्याचे काम तेच करत आणि ते उत्तम करत. त्यांचा आवाज मधासारखा होता. मुले त्यांच्या पाया पडत, आया डोळे पुसत. मी शेजारीच टांगलेला असल्याने मला मध आणि मधमाशी दोन्ही दिसत होती.

एके दिवशी दादांचा थोरला मुलगा एक पेटी घेऊन आला. बटण दाबले की तिच्यातून गडगडाट निघे. प्रत्येक वेळी तोच, केसाएवढाही फरक नाही. दादांनी तो तीनदा ऐकला आणि बहिणीच्या खोलीत गेले.

"चिमे, किती वर्षं हात दुखवून घेणार? आता आराम कर. मावशीच्या घरची माळ्यावरची खोली रिकामीच पडलीय."

"मावशीनं बोलावलंय?"

"बोलावेल की. मी सांगतो तिला."

"आणि माझी ही खोली?"

"इथं पेटी ठेवायची. पेटीला कोरडी जागा लागते म्हणे."

"आणि मला ओली चालते, म्हणून माळ्यावर?"

"तुझ्या भल्यासाठीच सांगतोय गं!" दादा म्हणाले आणि वनातल्या म्हाताऱ्यासारखे हसले. दयाळू माणसाची भूमिका करणाऱ्याला ही एक सोय असते. चेहरा तयारच असतो.

काजळीवाले काका दारातून म्हणाले, "गडगडाट पेटीत भरला, बरं झालं. उद्या काजळी बाटलीतून येईल, परवा टाळ्या डब्यातून. मग आपण सगळेच माळ्यावर जाऊ."

दादांनी त्यांनाही सांगून टाकले, "काका, यापुढं पेटी वाजली की दोरी ओढायची. कळलं?"

"कळलं," काका म्हणाले. त्यांना ते खरोखरच कळले होते. त्यांच्या हाताला मात्र कोणी सांगितले नाही.

आत्या माळ्यावर गेली. मला उतरवून मागच्या अंगणात भिंतीला टेकवले. माझ्या अंगावर रंगाचे डबे उपडे केले गेले, एका कुत्रीने माझ्याआड पिल्ले घातली आणि एका कडेला गंज धरला. मित्रांनो, लोखंडाला आठवण असते असे काही लोक म्हणतात. ते निराधार आहे. लोखंडात ताण साठतो, हे मात्र सिद्ध झालेले आहे. मी तो साठवू लागलो. दादांच्या प्रत्येक प्रयोगाच्या टाळ्या भिंतीपलीकडून येत आणि मी स्वतःशी म्हणे : वाजवा, वाजवा.

संधी माझ्याकडे चालत आली, नव्हे, मला तिच्याकडे उचलून नेले गेले. आत्याच्या खोलीचे छप्पर कित्येक पावसाळे गळत होते. ती खाली बादली ठेवायची, म्हणून दादांना ती खोली कोरडी वाटे. तिच्या अंथरुणाजवळ पडत होते तोवर ते नुसते पाणी होते. पेटीजवळ पडताच ते संकट झाले. दादा स्वतः शिडी लावून वर चढले, कारण नव्या पेटीच्या डोक्यावर दुसऱ्या कोणाचा हात त्यांना नको होता. आणि भोकावर घालायला त्यांना अंगणात काय दिसले? मी.

त्याच वेळी आत्या आपले शिवणयंत्र न्यायला आली होती. तिने वर पाहिले. मला पाहिले. छपरावर पत्रा बसवताना खिळ्याभोवती थोडी मोकळीक ठेवायची असते, म्हणजे उन्हात त्याला पसरता येते. दादांना ते ठाऊक नव्हते. ते मला लाकडी चौकटीवर दाबून धरत होते.

"चिमे, खालून बघ गं, हलतोय का?"

"हलतोय थोडा."

"मग काय करू?"

आत्याने माझ्या चारी कडांवरून नजर फिरवली. नंतर, जणू भाकरी उलटायला सांगावी इतक्या साध्या आवाजात ती म्हणाली, "घट्ट ठोक, दादा. चारी बाजूंनी."

दादांनी ठोकले. प्रत्येक खिळा माझ्या अंगातून गेला. मला वेदना होत नाहीत, पण अपमान कळतो. आत्याचे ते वाक्य दयेचे होते की नाही, याचा निर्णय तुम्ही करा. मी माझा केला आहे. त्या दिवसापासून तिच्याविषयीचा माझा आदर दुप्पट झाला.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारचा प्रयोग होता. नाट्यगृह भरले होते. ऊन कडक होते आणि ढगांचे पुंजके सूर्यावरून ये-जा करत होते. ऊन आले की मी फुगत होतो, ढग आला की आकसत होतो आणि खिळे सोडत नसल्यामुळे दोन्ही वेळा ताण वाढून मी धडकन उलटत होतो. दोघी बहिणी वनात शिरल्या तेव्हा मी एकदा कडाडलो. मुलांनी वर पाहिले, एवढेच. मध्यंतरात दुसऱ्यांदा कडाडलो, तेव्हा सगळे खाण्यात गुंतलेले होते. हे दोन आवाज पुढे कोणाच्याही आठवणीत राहिले नाहीत. मी ते मुद्दाम सांगतो, कारण चमत्कार असेच घडतात. जुळलेले लक्षात राहते, न जुळलेले वाहून जाते. माझी वेळ मी ठरवू शकत नव्हतो. फक्त ती यावी, अशी माझी तीव्र इच्छा होती.

मध्यंतरानंतर काका तुळईवर चढले. शेवटच्या बाकावर आत्या येऊन बसली होती. दादा पांढऱ्याशुभ्र दाढीत, पांढऱ्याशुभ्र झग्यात रंगमंचाच्या मधोमध आले. पुढे थोरली बहीण तिथेच उभी राहणार असते, पण मधली जागा दादांना इतकी प्रिय होती की आपले भाषण संपेपर्यंत ते ती कोणाला देत नसत. हात पसरून ते म्हणाले :

"बाळांनो, या वनात माझं एकच घर आहे. पण त्याच्या दारातून आजवर मी कुणालाही बाहेर काढलेलं नाही!"

ढग सरकला. मी कडाडलो.

आणि किती दिवसांनी! खोलीची भिंत, मागचे दार, रंगमंचाच्या फळ्या, सगळे माझ्याबरोबर घुमले. पेटीने आजवर असा आवाज काढला नव्हता आणि काढणारही नव्हती. मग सगळे नाट्यगृह, मुले, आया, दाराशी उभा असलेला तिकीट फाडणारा, एका आवाजात ओरडले :

"खोटंऽऽ!"

वर काकांचा हात हलला.

काजळी संथपणे, समान वेगाने खाली आली. आधी दाढी गेली, मग खांदे. दादा तोंड उघडे ठेवून वर पाहत होते, मला घट्ट ठोकल्यानंतरचा हा त्यांचा दुसरा निष्काळजीपणा. घाबरून त्यांच्या मुलाने पेटीचे बटण दाबले. पेटी गडगडली. "खोटंऽऽ!" मुले पुन्हा ओरडली. सांगितल्याप्रमाणे पेटी वाजली म्हणून काकांनी उरलेली काजळीही सोडली. थोरली बहीण झालेली नटी त्या दिवशी प्रथमच स्वच्छ राहिली होती. ती हसून हसून झाडाच्या खोट्या बुंध्यावर बसली आणि बुंधा मोडला.

पहिल्या रांगेतल्या एका चिमुरडीने विचारले, "आई, म्हातारा पण खोटं बोलतो?"

"बोलतो कधी कधी. खाली बस."

दादा तोंड धुवायला धावले ते थेट माझ्याखालच्या खोलीत, कारण नळ तिथेच होता. आत्या आधीच येऊन उभी होती.

"पाणी लावू नकोस," ती म्हणाली. "काजळी पसरते. आधी तेल."

"तुला ठाऊक होतं!" दादा ओरडले. "पत्रा तापून वाजतो हे तुला ठाऊक होतं!"

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलंस कधी? खोली घेताना विचारलं नाहीस, मावशीकडं पाठवताना विचारलं नाहीस. एकदाच विचारलंस, हलतोय का म्हणून. त्याचं उत्तर दिलं मी."

"घट्ट ठोक म्हणालीस तू!"

"आणि तू ऐकलंस. जन्मात पहिल्यांदा." तिने तेलाचा बोळा पुढे केला. "डोळे मीट. पापण्यांवर बसलीय."

दादांनी डोळे मिटले. ती पुसू लागली. मित्रांनो, मला ते मुळीच आवडले नाही. मी असतो तर काजळी तशीच राहू दिली असती.

थोड्या वेळाने दादा पडलेल्या आवाजात म्हणाले, "बाहेर पोरं अजून ओरडतायत. पुढच्या प्रयोगाला मी ते घराचं वाक्य उच्चारायचा अवकाश, की सुरू होतील."

"होणारच."

"मग करू काय, चिमे?"

"वाक्य खरं कर. दुसरा उपाय मला दिसत नाही."

दादांनी काळी झालेली दाढी काढून ठेवली. मग त्यांनी मुलाला हाक मारली आणि पेटी तिकिटाच्या खोलीत हलवायला सांगितली. आत्याची खाट माळ्यावरून आणायला ते काकांना धाडू लागले, तेव्हा ती म्हणाली, "खाट काका आणतील. खिळे मात्र तू काढायचेस. दुसऱ्या कुणाला चढवू नकोस."

"आत्ता? या तोंडानं? लोक बघतायत अंगणात!"

"बघू देत की. लोकांनी बघावं म्हणूनच तू एवढी वर्षं नाटक करतोयस."

आज मी पुन्हा माझ्या जागी सैल पट्ट्यांवर टांगलेला आहे. खिळ्यांच्या भोकांमुळे माझा घसा बसला आहे. आत्या म्हणते, आता मी जास्त खरा वाटतो. कडेचा गंज तिने घासून काढला. लहान मुलांच्या गोष्टीच्या शेवटी काही उपदेश असावा लागतो, म्हणून सांगतो. दया करा म्हणजे वरून फुले पडतील, हे मी सांगणार नाही. फुले पडताना मी फक्त रंगमंचावर पाहिली आहेत आणि ती कागदाची होती. मी इतकेच सांगतो की राबलेल्या वस्तूला आणि राबलेल्या माणसाला उन्हात पसरायला थोडी जागा ठेवा. ठेवणार नसाल, तर पांढरे कपडे घालून मधोमध उभे राहू नका.

त्या दुपारी दादा अर्धे काळे, अर्धे तेलकट असे शिडीवर चढले. अंगण माणसांनी भरले होते. एकेक खिळा किंचाळत माझ्या अंगातून निघत होता आणि प्रत्येकाबरोबर शिडी डगमगत होती. खाली आत्या उभी होती. तिने शिडी दोन्ही हातांनी, पाय रोवून, शेवटचा खिळा निघेपर्यंत धरून ठेवली. तिच्या जागी मी असतो, तर सोडली असती.