दिवसातून तीनदा अकरा पायऱ्या

मास्तर कपडे उत्तम शिवायचे, फक्त ते कधी मिळतील हे विचारायचं नसे. एका शिक्षकाने नोकरीला लागताना शिवायला टाकलेला कोट त्याला निवृत्तीच्या समारंभात घालायला मिळाला, असं लोक अजून सांगतात. ही शुद्ध थाप आहे. कोट समारंभाच्या दुसऱ्या दिवशी मिळाला. आणि तो अंगाला नेमका बसला, कारण मास्तरांना स्वतःचा वेग ठाऊक असल्यामुळे त्यांनी शिक्षकाचं पुढे सुटणारं पोट आधीच धरून ठेवलं होतं.

खरं कसब वेगळंच होतं. गिऱ्हाईक तणतणत आलं की मास्तर हसून "तुमचंच घेतलंय हातात" म्हणत आणि आतल्या खोलीत शिरत. आत त्यांची बायको काजं करत बसलेली असे. तीस वर्षं त्या दुकानातलं प्रत्येक काज तिच्या उजव्या हाताचं. बाहेरचा आवाज ऐकूनच ती त्या गिऱ्हाइकाचं कापड ओढून घेई, पांढऱ्या दोऱ्याने चार लांब कच्चे टाके घाली, खडूच्या दोन रेघा मारी आणि पुढे सरकवी. मास्तर ते खांद्यावर टाकून बाहेर येत. काम सुरू झालंय हे डोळ्यांनी पाहून माणूस गार होऊन घरी जाई. तो गेला की मास्तर ते टाके उसवून दोरा परत गुंडाळून ठेवत.

मग एका सकाळी तिच्या हातातून सुई गळली आणि ती उचलायला हात गेलाच नाही.

दवाखान्यातून ती घरी आली तेव्हा पाय ओढत का होईना, चालत होती. शब्द एकेक करून यायचे. उजवा हात मात्र मांडीवर कुणी ठेवून विसरून गेल्यासारखा पडून असायचा. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई आडवळणाने बोलणाऱ्यातल्या नव्हत्या.

"पहिले तीन महिने महत्त्वाचे. नंतर वेग मंदावतो. दिवसातून तीनदा, पाव पाव तास, एकेक बोट उघडायचं, मिटायचं. मी आठवड्याला एकदा येणार. बाकी तुमच्यावर आहे, मास्तर."

"उद्यापासून लागतो."

"आजपासून."

मास्तरांनी बेतणीचा खाकी कागद पसरला आणि खडूने वेळापत्रक आखलं. उठणं, आंघोळ, स्वयंपाक, कापणं, शिवणं, व्यायाम, औषधं, भांडी, सगळं मिनिटांसकट. कागद भिंतीला लावला तर खाली जमिनीवर लोळायला लागला. तिसऱ्या दिवशी मास्तर इतके मागे पडले होते की कागदाच्या हिशेबाने त्यांची परवाची आंघोळ अजून चालूच होती.

बाईंनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

"हे कुणाच्या मापाचं शिवलंय?"

"बसेल हळूहळू."

"नाही बसणार. मला सांगा, दिवसात तुम्ही न चुकता काय करता? आजारी असलात तरी?"

मास्तरांनी डोकं खाजवलं. "इस्त्री तापत घालतो. सकाळी, जेवणाआधी आणि संध्याकाळी."

"तापायला किती वेळ?"

"म्हातारी आहे हो ती. पाव तास घेते."

"मग बटण दाबलं की वर जायचं. एवढंच. हा कागद काढा आता."

दुकानाच्या डोक्यावरच घर, मधे अकरा पायऱ्या. मास्तर बटण दाबत आणि वर जात. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत प्रत्येक बोट दहा वेळा. झालं की भिंतीवर खडूची एक रेघ. तीन आठवड्यांत अशी वेळ आली की बटण दाबताच पाय आपोआप वळत. एकदा तर बोलत्या गिऱ्हाइकाला मापाची फीत गळ्यात तशीच लावून सोडून गेले. अंगठा थोडा थोडा स्वतःहून हलायला लागला.

आणि शाळा उघडायचे दिवस आले. गणवेशांचे गठ्ठे मशीनच्या वर जाऊन पोचले. मास्तरांचं वर जाणं चुकलं नाही, हे मात्र मान्य करायला हवं. ते वर जात, अंगठा दोनदा हलवत, तिच्या तळव्यात रबरी चेंडू ठेवून बोटं त्यावर मिटत, भिंतीवर रेघ मारत. "झालं बघ," म्हणत, आणि खाली. एका दुपारी त्यांनी संध्याकाळचीही रेघ मारून ठेवली, पुन्हा खडू हातात घ्यायला नको म्हणून.

ती त्यांच्याकडे बघत होती.

"अहो."

"बोल लवकर, खाली माणूस उभा आहे."

तिने ओठ जुळवले. शब्द यायला वेळ लागला.

"मी... गिऱ्हाईक... नाही."

तीस वर्षं शेकडो माणसांनी मास्तरांना तोंडावर खोटारडं म्हटलं होतं आणि प्रत्येकासाठी त्यांच्याकडे एक हसू तयार असायचं. आज ते सापडेना. ती भिंतीला धरून उठली, डाव्या तळव्याने रेघा पुसायला लागली. मास्तर मोजत राहिले. सत्तावीस पुसून ती थांबली. नऊ दिवसांच्या. दुपारी मारलेली संध्याकाळचीसुद्धा.

मास्तर खाली आले. थांबलेल्या माणसाला म्हणाले, "तुमचं झालेलं नाही. सुरूही केलेलं नाही." तो इतका गोंधळला की भांडायचं विसरला.

मग ते स्टुलावर बसून राहिले. वर जायचंच विसरलो असतो तर बरं होतं, त्यांना वाटलं. सवय लागली होती, पण पायांना. हातांना मात्र जुनीच सवय होती, कापड दाखवून माणूस घालवायची. ती त्यांनी वर नेली होती. आणि त्या लबाडीत जिने साथ दिली, तिच्यावरच ती चालवली होती.

निम्मे गठ्ठे उचलून ते रस्ता ओलांडून समोरच्या टेलरकडे गेले. दोघांचं वीस वर्षं बोलणं नव्हतं.

"काय मास्तर, रस्ता चुकलात?"

"एवढे गणवेश तू घे. शाळेला मी कळवतो."

"का?"

"मला होणार नाहीत."

हे वाक्य ऐकायला समोरच्याने वीस वर्षं वाट पाहिली असेल. पण त्याने मास्तरांचा चेहरा बघितला आणि टेबलावरची जागा रिकामी केली.

"वहिनींचा हात?"

"अंगठा हलतो. बोटं नाहीत अजून."

दुसऱ्या दिवशी दुकानावर पाटी लागली, की महिनाभर नवीन कापड घेतलं जाणार नाही. ते वाचून मास्तरच गेले असं समजून दोघेजण चेहरे पाडून सांत्वनाला आले. मास्तरांनी त्यांना जिवंतपणी चहा पाजला आणि वेळ झाल्याबरोबर उठून वर गेले.

आता ते दार लावून घेत, समोर पाट घेऊन बसत. दहा म्हणजे दहा. मधेच हाक आली तर येऊ द्यायची. कधी तिला रडू यायचं, तेव्हा थांबायचं आणि मग राहिलेलं पूर्ण करायचं. भिंतीवर रेघ मारणं त्यांनी सोडलं.

तीन महिने भरले त्या दिवशी बाईंनी तिच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात एक कागद धरायला दिला. "घट्ट." बाईंनी हलकेच ओढला. कागद क्षणभर अडला आणि सुटला. पुन्हा. सुटला. तिसऱ्यांदा मास्तर खिडकीकडे बघू लागले.

"वाटी धरता येईल," बाई म्हणाल्या. "सुईचं मी खोटं सांगणार नाही. यापुढे आलं तर फार सावकाश येईल. कदाचित नाहीच."

"ते नऊ दिवस..." मास्तर म्हणाले.

"ते कुणालाच सांगता येणार नाही, मास्तर."

बाई गेल्या. मास्तरांनी स्वयंपाक केला, तिने थोडं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुकान बंद, खाली जायचं कारण नव्हतं. मास्तर स्वयंपाकघरात दूध तापवत उभे होते. उतू जायच्या आत भांडं उतरवलं तेव्हा आतल्या खोलीतून पुटपुटणं ऐकू आलं. ते दारात गेले. ती पलंगाच्या कडेला बसली होती. डाव्या हाताने उजव्या हाताचं मधलं बोट उघडत होती, मिटत होती.

"सहा," ती म्हणाली. दम घेतला. "सात."

मास्तरांनी पाट ओढला आणि तिच्यासमोर बसले. तिने आपला डावा हात बाजूला घेतला.

"आठ," मास्तर म्हणाले.