गाळणीखाली पातेलं

रंगाऱ्याने पळीने वरचा फेस काढला, वाटीत झटकला आणि पुन्हा पातेल्यावर वाकला. सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं. पाणी नुसतं थरथरलं पाहिजे, खळखळ उकळलं की सूप गढूळ होतं, असं त्याची बायको सांगायची. ती करायची आणि तो दारात उभा राहून ऐकायचा. ती होती तोवर पातेल्याला हात लावायची वेळ त्याच्यावर आली नव्हती.

कोंबडीही त्याने पारखून आणली होती. कोवळी मागितली तेव्हा खाटीक हसला होता.

"सुपाला म्हातारीच लागते, काका. वय झाल्याशिवाय हाडाला चव येत नाही."

"मग मीच बसतो पातेल्यात," रंगारी म्हणाला होता. आठवडाभरात कुणाशी समोरासमोर बोलला असेल तर तेवढंच.

सूप मुलीसाठी होतं. ती नुकतीच तापातून उठली होती, तोंडाची चव पार गेली होती. आई गेल्यापासून तिचं येणं कमी होत होत फोनवर आलं होतं, आणि फोनही "जेवलात ना?" एवढ्यावर. म्हणून काल त्याने धीर करून सांगून टाकलं, सूप करतोय, ये.

"येते. पण टॅक्सी खाली उभी ठेवीन हं, बाबा. थर्मास तेवढा भरून ठेवा."

थर्मास तर थर्मास. दारात का होईना, पोर दिसेल तरी. त्याने टेबलावरची वर्तमानपत्रं उचलली, दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे काढले आणि ती पुसली. तिच्यावर बसणार कोण होतं? तरी पुसली.

दुपारी मांस हाडावरून सुटलं. या घरातून कधीचा निघून गेलेला वास सगळ्या खोल्यांत फिरला, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने गॅस बंद केला, गाळणी सिंकमध्ये ठेवली, दोन्ही हातांनी पातेलं उचललं आणि ओतलं.

सूप वाहून गेलं. गाळणीत हाडं राहिली, कांदा राहिला, गाजराचे तुकडे राहिले.

जन्मभर त्याने सूत रंगवलं होतं. हौदातून वर येतं तो माल, उरलं ते पाणी गटारात. हातांनी आपलं काम केलं होतं. जित्याची खोड, दुसरं काय. रिकामं पातेलं धरून तो उभा असतानाच दारावरची घंटा वाजली.

मुलगी वाळली होती. चप्पल न काढताच ती आत आली.

"भरलाय का थर्मास?"

"ओतून टाकलं गं," तो म्हणाला. "सिंकमध्ये. रंगाचं पाणी टाकतो तसं."

ती हसली असती तर बरं झालं असतं. तिने गाळणीकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे. मग टॅक्सीवाल्याला फोन लावला.

"दादा, तुम्ही निघा. मला वेळ लागेल."

तिने चप्पल काढली. हाडं पातेल्यात परत घातली, पाणी ओतलं, गॅस लावला.

"आता त्यात काय उरलंय?" त्याने विचारलं.

"बघू ना."

ती दुसऱ्या खुर्चीवर बसली. दोघांनी वाट पाहिली. फेस येत नव्हता, तरी तो अधूनमधून उठून पळी फिरवून येत होता. तिने त्याच्या गुडघ्याचं विचारलं. त्याने खाटकाचं सांगितलं, तेव्हा मात्र ती हसली. खिडकीतलं ऊन टेबलावरून खाली उतरलं.

गाळताना तिनेच गाळणीखाली पातेलं धरलं. दोन वाट्या भरल्या. रंगाऱ्याने एक घोट घेतला. नुसतं गरम पाणी. त्यात मीठसुद्धा नाही. ते पहिल्यांदाही घातलं नव्हतं, आत्ताही नाही. मिठाची बरणी फळीवर होती, झाकण घट्ट लावलेली.

"कसं झालंय?" त्याने विचारलं.

"छान. मीठ तर अगदी आईसारखं."

त्याने बरणीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती फुंकर घालत होती. वाटी तिने तळापर्यंत संपवली.

"पुढच्या वेळी गाळणीखाली आठवणीने पातेलं ठेवा."

"पुढच्या वेळी," रंगारी म्हणाला. मिठाचं तो काही बोलला नाही.