आसरांची जागा

अर्जाच्या कोपऱ्यात टोचलेली टाचणी वरच्या कडेपासून एक सेंटिमीटर आणि डाव्या कडेपासूनही एकच सेंटिमीटर आत होती. यशोधरानं पट्टी लावून पाहिलं. मोजायची काही गरज नव्हती, पण प्रयोगशाळेत दुसरं कुणी नव्हतं आणि समोरचा सतरा पानांचा अर्ज वाचायला घ्यावा असं तिला वाटत नव्हतं. चार वर्षांत तिनं स्वतः चेअरमनसाहेबांना तीन टिपणं लिहिली होती. ती आता कुठल्या फायलीत, कुठल्या कपाटात होती, देव जाणे. त्यांना कुणी टाचणी तरी लावली असेल का, हाच प्रश्न होता.

ओढ्याकाठच्या बांधासाठी सरकारी अनुदान मागणारा तो अर्ज कल्याणप्पाचा होता. विषय मात्र तिचा होता.

जळकोटच्या पलीकडं, माळावर हा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हापासून, म्हणजे आठ वर्षं, यशोधरा बनसोडे तिथं केमिस्ट होती. कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करायची तळी ओढ्याच्या अगदी काठावर खणलेली होती. पूर आला तर ओढा तळ्यांत शिरणार, आणि तळ्यांतलं काळं, आंबलेलं पाणी ओढ्यानं खालच्या वस्तीच्या विहिरीत जाणार. हे तिनं पहिल्या टिपणात लिहिलं, तेव्हा चेअरमन आबाराव खुर्चीत मागं रेलून मनापासून हसले होते.

"बाई, बहात्तरला आपण घोटभर पाण्यासाठी कोस कोस हिंडलो. अजून दर उन्हाळ्यात तेच चाललंय. आन तुमी म्हणता पूर येईल. येऊ द्या की. हार घालू त्याला."

मग मागच्या श्रावणात एका दुपारी सात इंच पाऊस झाला आणि ओढा तळ्यांच्या काठाखाली वीतभर अंतरावर येऊन थांबला. संचालक मंडळ छत्र्या घेऊन काठावर उभं होतं. महिनाभरात एक नवी जागा निघाली, सांडपाणी विभागाच्या प्रमुखाची. ती कल्याणप्पाला मिळाली. तो यशोधरापेक्षा दोन वर्षांनी धाकटा, पदवी तीच, सोलापूरचं कॉलेजही तेच. ओढ्याकाठी फिरायचं काम, बाईमाणसाला कसं जमेल, असं कारण सांगण्यात आलं. पाण्याच्या बाटल्या भरायला ती आठ वर्षं आठवड्यातून दोनदा त्याच ओढ्याकाठी जात होती. दुसरं कारण कुणी बोललं नाही. ते तिला माहीत होतं, पण न बोललेलं कारण खोडून काढता येत नाही.

कल्याणप्पा वाईट असता तर बरं झालं असतं. तो चांगला होता. घरून येताना तिच्यासाठी शेंगांच्या चटणीचा डबा आणायचा. चेअरमनसाहेबांच्या टेबलाच्या कडेला टेकून बोलायचा आणि ते त्याला "अरे कल्याण" म्हणायचे. शिट्टी वाजवत प्रयोगशाळेत शिरायचा. यशोधराला त्या शिट्टीचाही राग यायचा, कारण शिट्टीचा सूर कधी चुकत नसे.

त्या सकाळी अर्ज तिच्या टेबलावर ठेवून तो म्हणाला होता, "बाई, एकदा नजर टाका. तुमच्या टिपणांवरूनच केलंय सगळं. तुम्ही बघितलं की मला रात्री झोप लागेल."

"तुमच्या टिपणांवरूनच" हे तो खरं बोलत होता. सतरा पानांत मात्र ते कुठं लिहिलेलं नव्हतं.

तिनं वाचायला घेतलं. अक्षर सुरेख, कोष्टकं नीट आखलेली. जे तिनं तीन टिपणांत कोरडं लिहिलं होतं, ते इथं वाचताना कुणालाही वाटावं की आत्ताच्या आत्ता बांध घातला पाहिजे. असं आपल्याला का लिहिता आलं नाही? सहाव्या पानावर ती थांबली.

"गावातील वयस्कर मंडळींच्या माहितीनुसार त्रेसष्ट सालच्या महापुराचे पाणी सातीआसरांच्या दगडांच्या पायाला लागले होते. गतवर्षीचे पाणी त्या दगडांपर्यंतही पोहोचले नव्हते, यावरून त्रेसष्टचा पूर अधिक मोठा ठरतो. सबब सदर दगडांचा पाया ही पुराची सर्वोच्च पातळी धरून बांधाची उंची त्याहून तीन फूट अधिक ठेवली आहे."

विचार योग्य होता. तिनंही असाच केला असता. पण दगड आत्ता जिथं होते, त्रेसष्ट साली ते तिथं नव्हतेच.

बहात्तरच्या उन्हाळ्यात ती कॉलेजातून घरी आली होती आणि आईबरोबर दुष्काळी कामावर जात होती. ओढा आटला, वरची जुनी विहीर आटली. कामावरच्या माणसांनी काठाच्या खालच्या टप्प्यावर नवी विहीर खणली. वीस हातांवर ओल लागली त्या दिवशी म्हातारा गोरोबा म्हणाला, "आसरा पाण्याच्या देवी. पाणी खाली आलं आन त्या वर बसून काय करतील?" मग चिंचेखालच्या चौथऱ्यावरचे सात दगड लोकांनी एकेक करून खाली आणले, नव्या विहिरीच्या काठी मांडले, शेंदूर लावला, खणनारळ केलं. यशोधरा पाट्यांच्या रांगेत उभी राहून बघत होती.

तिच्या घरी आसरांना कुणी पुजत नव्हतं. वडील कोंडिबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच घरातले सगळे देव ओढ्यात सोडले होते. म्हणूनच तिला ते आठवत होतं. ज्यांच्या त्या देवी होत्या त्यांच्या लेखी देवी जिथं आहेत तिथंच होत्या, पहिल्यापासून. कल्याणप्पानं विचारलं, पाणी कुठवर आलं होतं? ते म्हणाले, आसरांच्या पायापर्यंत. यात कुणी खोटं बोललं नव्हतं. दगड कधी हलवले का, हे विचारायचं त्याला सुचलं नाही, कारण तो इथला नव्हता.

तिला सुचलं असतं. छातीत काहीतरी उबदार पसरलं. आनंदच होता तो, आणि तो कसला आहे हे तिला कळत होतं.

संध्याकाळी कल्याणप्पा अर्ज न्यायला आला.

"काही चुका?"

"चौथ्या पानावर एक बेरीज चुकली होती. दुरुस्त केली."

"बाकी?"

"ठीक आहे," यशोधरा म्हणाली.

रविवारी ती खालच्या वस्तीत आईकडं गेली. सोबत प्रयोगशाळेतली तीस फूट पारदर्शक नळी नेली. गवंडी पातळी बघतात तशी, पाणी भरून. हरणाबाई चिंचेच्या बुंध्याशी नळीचं एक टोक धरून उभी राहिली.

"हलवू नकोस, आई."

"म्या कुठं हलवतेय? पाणीच हलतंय. लगीन करायच्या वयात नळ्या धरायला लावतीस आईला."

"लग्नाचं वय गेलं."

"गेलं म्हनं. त्ये काय एस्टी हाय, गेली तर गेली?"

तीन टप्प्यांत मोजून झालं. जुना चौथरा अजून होता, गवतात बुडालेला, दगडांच्या खळग्यांत शेंदराची लाली राहिलेली. चौथऱ्यापासून नव्या जागेपर्यंत उतार सहा फूट चार इंच. कल्याणप्पाचा बांध त्यानं धरलेल्या पुरापेक्षा तीन फूट उंच होता. म्हणजे त्रेसष्टसारखा पूर आला तर बांधावरून तीन फूट चार इंच पाणी जाणार होतं. तिनं दोनदा ताडून बघितलं.

हरणाबाई चौथऱ्यावर बसून घाम पुसत होती. "म्हंजी त्या पोराचं चुकलं."

"हो."

"मग सांग की त्येला."

"सांगेन."

"कवा?"

यशोधरा नळी गुंडाळत राहिली. हरणाबाईनं तिच्याकडं जरा वेळ बघितलं. "त्येची जागा तुला मिळाया पायजे हुती, व्हय. म्या बी म्हनते. पर हिरीचं पानी म्या पिते, गं. त्यो न्हाय पीत."

"आई, अर्ज नामंजूर झाला की मी माझा करणार आहे. बरोबर पातळी घालून."

"आन मंजूर झाला तर?"

यशोधरानं गुंडाळलेली नळी खांद्याला अडकवली. तिचा अर्ज खरोखर लिहून झाला होता, टेबलाच्या खालच्या खणात होता. वर अर्जदार म्हणून तिचं नाव, पदवी, वर्षं. अर्जाच्या तपासणीला येणारे सरकारी साहेब जाणकार असतील, चूक त्यांना दिसेलच, असं ती स्वतःला सांगत होती. दिसली की कल्याणप्पाच्या चेहऱ्यावर काय येईल, हेही ती मनात बघून ठेवत होती. दोनदा सांगायला म्हणून ती त्याच्या खोलीपर्यंत गेली. पहिल्यांदा आत चेअरमनसाहेब हसत होते. दुसऱ्यांदा तो एकटाच होता, शिट्टी वाजवत पेन्सिलीला टोक करत होता, आणि तिनं नुसतं विचारलं, "बाटल्यांची नवी झाकणं आली का?"

साहेब आले ते बुधवारी, दुपारी. बारीक अंगाचे, जाड चष्म्याचे, हैदराबादेकडच्या हेलानं बोलणारे. ओढ्याकाठी ते तासभर फिरले. तळी बघितली, विहीर बघितली, आसरांच्या दगडांपाशी चप्पल काढून उभे राहिले. यशोधरा मागं चार पावलांवर होती. आता विचारतील, तिला वाटलं. चिंचेकडं एकदा वळून बघतील. पण त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "जागृत स्थान दिसतंय." कल्याणप्पानं मान डोलावली.

बैठकीच्या खोलीत आबाराव, दोन संचालक, कल्याणप्पा आणि टोकाच्या खुर्चीत यशोधरा. चहा झाला. साहेबांनी अर्ज पुढं ओढून चाळला.

"चेअरमनसाहेब, जिल्ह्यातून अकरा कारखान्यांचे, नगरपालिकांचे अर्ज आले. दुष्काळी भागात पुराचा विचार कुणी केला नव्हता. ही नजर कुणाची?"

"आमच्या कल्याणची," आबाराव म्हणाले. "पोरगं लांबचं बघतं. म्या तर आधीपासनं म्हणत होतो, पूर येणार म्हणून."

एक संचालक खोकला. यशोधरानं बशीतला चहाचा डाग बोटानं पुसला. आधीपासनं. हार घालू त्याला.

"मी शिफारस करतो," साहेब म्हणाले. "मात्र एक लक्षात ठेवा. हे अनुदान एका कामाला एकदाच. पुढं उंची वाढवायची म्हणाल तर पैसा नाही, परवानगीही नाही. म्हणून आत्ताच विचारतो. पुराची पातळी पक्की आहे ना?"

"पक्की," कल्याणप्पा म्हणाला. "स्वतः मोजली."

"दुसऱ्या कुणी बघितली?"

कल्याणप्पा टेबलाच्या टोकाकडं वळला. चेहरा मोकळा, खुशीत होता. आपण कुणाला तरी तिचं देणं देतो आहोत असा.

"साहेब, हे सगळं मुळात आमच्या बनसोडेबाईंनी शोधलं. पुराची पहिली टिपणं त्यांची. मी ते अर्जात लिहायला पाहिजे होतं, राहून गेलं. पातळीचं पानही त्यांच्या नजरेखालून गेलंय. त्यांनी ठीक म्हटलं म्हणूनच मी निर्धास्त आहे."

खोलीतले सगळे तिच्याकडं बघू लागले. आठ वर्षांत पहिल्यांदा. याच क्षणाची ती वाट बघत होती, आणि तो असा आला होता. तिचं नाव त्याच्या तोंडून, तिच्याच खोट्याला आधार म्हणून. खालच्या खणातला अर्ज आता कधीच कुणाला दाखवता येणार नव्हता. हो म्हटलं तर नाव मिळत होतं, कदाचित उद्या जागाही. नाही म्हटलं तर तो पातळी बदलून घेणार, अनुदान त्यालाच मिळणार, बांध त्याच्याच नावानं उभा राहणार. आणि हिनं जाणूनबुजून चूक दडवली, एवढंच लोक तिच्याबद्दल सांगणार.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "बाई?"

हरणाबाई या वेळी विहिरीवर असणार, दुसरी खेप.

"बाई, सांगा की," आबाराव म्हणाले. "हो म्हणायला येवढा वेळ?"

यशोधरा उभी राहिली. उभं राहायची काही गरज नव्हती.

"सही करू नका, साहेब," ती म्हणाली. "पातळी सहा फूट चार इंचांनी कमी धरली आहे. आसरांचे दगड बहात्तर साली चिंचेखालून खाली आणलेत, पूर जुन्या जागेपर्यंत आला होता. कल्याणप्पांना हे माहीत नव्हतं. मला अर्ज वाचला त्याच दिवशी माहीत होतं, आणि मी मुद्दाम सांगितलं नाही."