शेऱ्याचा रकाना

"वहीत तर काहीच सापडत नाही," डॉक्टरीणबाई पान उलटत म्हणाल्या. "पण वही फार छान ठेवलीत हं."

आलोचला बरं वाटलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या वहीला कुणी प्रथमच छान म्हणत होतं, तेही तो पोट दाखवायला आला असताना. तीन आठवडे खाल्लेलं सगळं त्याने रकाने आखून लिहिलं होतं. अनुक्रमांक, दिनांक, वेळ, पदार्थ, त्रास, शेरा. त्रासाखाली 'गुडगुड', 'कळ' आणि 'धाव' अशी चढती वर्गवारी होती. शेऱ्याचा रकाना कोरा होता. शेरा मारायचा अधिकार वरिष्ठांचा.

आलोच हे त्याचं नाव नव्हतं. जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत तो दुरुस्तीच्या टेबलावर बसायचा. कुणाच्या दाखल्यावर बापाचं नाव चुकलेलं असे, कुणी कागदोपत्री मेल्यानंतर चार दिवसांनी जन्मलेला असे. अशांना तो मार्गी लावायचा आणि मधेच, माणूस समोर उभा असताना, "आलोच" म्हणून उठायचा. दिवसातून चार-पाचदा. बाकीचे पंख्याखालच्या जागेसाठी भांडत, तेव्हा याने अर्ज करून संडासाच्या दाराशेजारचं टेबल मागून घेतलं होतं. अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला. फिरतीची बढती दोनदा चालून आली, दोनदा त्याने ती लेखी नाकारली. कारणाच्या जागी 'कौटुंबिक' असं लिहिलं. ते किती खरं होतं, हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मुलीच्या लग्नाच्या फोटोत बायकोच्या शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी आहे. फोटोवाल्याने बरीच वाट पाहिली होती म्हणतात.

"सकाळी उठल्यावर काय घेता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पावाचे दोन तुकडे. लिहिलंय."

"आणि चहा?"

"घरी चहा बंद. चहाने पोट बिघडतं, असं आमच्या घरच्यांचं म्हणणं. हापिसात कोरा घेतो. तोही लिहिलाय."

"मग पाव कोरडाच?"

"छे, दूध असतं ना."

बाईंनी वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. "दूध कुठंय यात?"

"यात कसं असेल? तुम्ही खाणं लिहायला सांगितलं होतं. दूध मी पोटासाठी घेतो. औषध म्हणून."

"किती घेता?"

"सकाळी पेलाभर, संध्याकाळी पेलाभर."

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून. एकोणतीस वर्षं झाली."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग सावकाश सांगितलं की ही ॲलर्जी नव्हे, ती वेगळी. दूध पचवणारा रस काही जणांच्या पोटात वयाबरोबर कमी होत जातो. दूध काही विष नाही, त्याला पचत नसावं, इतकंच. दोन आठवडे थांबवून पाहू, म्हणजे कळेल. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी लिहिलं: 'दूध पूर्ण बंद.'

आलोचने ते दोनदा वाचलं. एवढ्या वर्षांच्या दुखण्याला तीन शब्द म्हणजे फारच कमी वाटत होते.

"गोळी वगैरे?"

"काही नको."

"मग घरी काय सांगू?"

"हेच."

बाईंचं लग्न झालेलं नसावं, असं त्याला वाटलं.

लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्याच्या पोटात कळ आली होती. घरात नवी आलेली बायको घाबरली आणि तिने दूध कोमट करून दिलं. कळ थांबली. ती तशीही थांबणारच होती, पण मान दुधाला मिळाला. सासूने त्या दिवशी सुनेला पहिल्यांदा नावाने हाक मारली. तेव्हापासून पेला चुकला नाही. एकदा अंगात ताप असताना बायकोने भिंतीला धरून दूध तापवलं होतं. दोघांत बोलणं तसं बेताचंच. 'घ्या' आणि 'ठेव', एवढ्यावर संसार झाला होता.

आलोचने काही सांगितलं नाही. सकाळी बायको कपडे वाळत घालायला गेली की तो पेला मोरीत ओतायचा आणि मागून पाणी सोडायचा. संध्याकाळी ती मुलीशी फोनवर बोलत असताना पुन्हा तेच.

चौथ्या दिवशी गुडगुड थांबली. नवव्या दिवशी साहेबांची बैठक दीड तास चालली आणि आलोच जागचा हलला नाही. साहेब बोलता बोलता थांबले.

"आलोच, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे साहेब."

"अहो, लाजता कसले, जाऊन या," शिक्के मारणाऱ्या बाई कुजबुजल्या. "आम्ही काय पळून जातोय?"

"जायचं नाहीये."

"बघा हं. नंतर आमच्या नावाने बोटं मोडू नका."

आनंद व्हायला हवा होता. त्याने थोडी वाट पाहिली. मग पुढची फाइल ओढली. कुणाच्या तरी आईचं नाव चुकलं होतं. त्याने चुकीवर तांबड्या शाईची एकच रेघ मारली, कारण खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर नाव लिहिलं आणि शेजारी सही केली. खोडरबर चालत नाही, जो लिहितो त्याची सही लागते. हा नियम त्याने घरी जेवताना इतक्यांदा सांगितला होता की बायकोला तो झोपेतही म्हणता आला असता.

बायकोच्याही बदल लक्षात आला होता.

"बघा, शेवटी दिला की नाही दुधाने गुण!" ती म्हणाली. "चिकाटी लागते. दुसरी असती तर कधीच कंटाळली असती."

मुलीला फोनवर सांगितलं, "तुझे बाबा खडखडीत बरे झाले गं. गोळी नाही, काढा नाही, निव्वळ दूध." दुसऱ्या दिवशी बायको मोठा पेला घेऊन आली.

आलोचने पेल्याकडे पाहिलं. "अगं, ते दूध..."

"काय? साय आली का?"

"नाही. काही नाही."

मोठा पेला ओतायला जास्त वेळ लागायचा.

पंधराव्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे वही न्यायची होती आणि नेमकी ती घरी राहिली. तो संध्याकाळी परतला तेव्हा वही टेबलावर उघडी होती. बायको पाठमोरी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. मुलीशी फोन चालू नव्हता.

शेऱ्याचा रकाना भरलेला होता. एकवीस दिवस, दिवसाला दोन ओळी. प्रत्येक ओळीत तेच: 'दूध, एक पेला. मी दिलं.' आणि प्रत्येक ओळीपुढे सही. सातव्या दिवशी तिने आधी चुकून 'दोन पेले' लिहिलं होतं. त्यावर तांबडी रेघ होती, एकच. खालचं वाचता येत होतं.

आलोचने उभ्या उभ्या सगळ्या ओळी तपासल्या. कुठे खोट नव्हती.

"चुकलं का काही?" तिने मागे न वळता विचारलं.

"नाही. बरोबर आहे."

"सही दर ओळीला लागते ना?"

"लागते."

तिने एक टॉवेल घडी केला, उलगडला आणि पुन्हा घडी केला.

"एकोणतीस वर्षांचं लिहायला वही पुरायची नाही."

आलोच खुर्चीत बसला. वही मिटली.

"नको," तो म्हणाला. "एवढ्या जुन्या नोंदी आम्ही उघडत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पावाशेजारी जुना, लहान पेला होता. त्यात कोमट पाणी होतं.

"घ्या," ती म्हणाली आणि तिथेच उभी राहिली. कपडे वाळत घालायला गेली नाही.

तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. "ठेव," म्हणाला.

तिने पेला मोरीत नेला. विसळण्यासारखं त्यात काही नव्हतं. तिने तो दोनदा विसळला.