पऱ्हाटीची दुसरी गाडी

नईमाची पहिली गाडी वीजकेंद्राच्या दारातून परत आली, तेव्हा तेल्हाऱ्यातल्या तिच्या शेडमध्ये चौदा बाया मशीन बंद करून उभ्या होत्या. गाडीत पऱ्हाटीच्या कांड्या होत्या. कापूस वेचून झाला की शेतात नुसती झाडं उरतात, ती पऱ्हाटी. ती वाळवायची, तिचा भुसा करायचा, मशीनमध्ये दाबून बोटभर कांड्या पाडायच्या. अकोल्याकडचं वीजकेंद्र या कांड्या कोळशात मिसळून जाळणार होतं. त्या सालीही बोंडअळीने कापूस खाल्ला होता. शाबूत राहिली ती पऱ्हाटीच, आणि तिच्याच भरवशावर या बायांनी कंबर कसली होती.

कागदावर शेरा होता : ओल जास्त, माल नामंजूर. दुसरी गाडी शनिवारपर्यंत आणा. तीही नापास झाली तर नाव यादीतून कमी. म्हणजे शेडला कुलूप आणि चौदा जणी पुन्हा घरी.

कांड्यांवर पाणी पडलं की त्या फुगतात आणि त्यांचा परत भुसा होतो, हे नईमाने प्रत्येकीला दहादा सांगितलं होतं. मग पाणी मारलं कोणी? तिची नजर तानुबाईकडे गेली. तानुबाईची उभी हयात कापसात गेलेली. सरकी काढायला जिनात नेण्याआधी कापसाच्या गाडीवर पाणी शिंपडायची वऱ्हाडातली जुनी खोड. वजन वाढतं आणि कापूस उडत नाही. त्यात सकाळी गाडी भरताना तानुबाईजवळ बादली दिसली होती. झालं, उचलली जीभ लावली टाळ्याला.

"तानुमावशी, कापसासारका शिपका मारला न गाडीवर?"

"म्या? बादली हात धुवाले होती वं."

"मंग पाणी काय आभायातून पडलं? साऱ्याइच्या पोटावर पाय देल्ला तुमी. उद्यापासून येऊ नका."

तानुबाईने कोणाकडे पाहिलं नाही. चपला पायात सरकवल्या आणि ती गेली. बाकी तेरा जणींपैकी एकीचंही तोंड उघडलं नाही. भल्या माणसावर वेळ आली की गाव असंच मुकं होतं.

मग तीन दिवस नईमाने कोणाला उसंत दिली नाही. भुसा उन्हात पसरायचा, हाताने परतायचा, मुठीत दाबून पाहायचा. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिने पिण्याच्या पाण्याचा माठसुद्धा शेडबाहेर काढला. तहान लागली तर रस्ता ओलांडा! बाया कुरकुरल्या, पण शनिवारी सकाळी गाडी भरली. या वेळी नईमा स्वतः ड्रायव्हरशेजारी बसली.

तिचा नवरा वकार त्याच वीजकेंद्रात, कोळशाच्या यार्डात कंत्राटी कामाला होता. आठवडाभर तिकडेच राहायचा. तानुबाईच्या पाण्याने पहिली गाडी नापास झाल्याचं तिने फोनवर सांगितलं, तेव्हा त्याने तानुबाईला चार शिव्या घातल्या होत्या.

गेटवर ताडपत्री सोडली. गाडी यार्डाच्या तोंडाशी थांबली, आणि समोर खांद्यावर मोठा पाइप घेऊन वकारच उभा. येणाऱ्या प्रत्येक गाडीवर, धूळ उडू नये म्हणून, आधी पाणी मारायचं, मग नमुना काढायचा. अकरा वर्षं तो हेच करत आला होता. बायकोला पाहून तो हसला आणि त्याने पाइपाचं तोंड वर केलं.

"रुको! पानी बंद करो!" नईमाने खाली उडी मारली आणि ती गाडीच्या आडवी उभी राहिली. पहिली धार तिच्याच छातीवर आली.

वकारने घाबरून कॉक फिरवला. "अरे, हटो ना. गाडी को मारना है."

"पिछली गाडी को भी मारा था?"

"मारा न. अपनी गाडी थी, तो जरा अच्छे से मारा."

कोळशावर मारायचं पाणी त्याच्या लेखी पाणी नव्हतंच, ती ड्युटी होती. म्हाताऱ्या बाईची खोड तिला बसल्या जागी दिसली होती, घरच्या माणसाची दिसली नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली ती तिने. वकारच्याही ते ध्यानात आलं आणि त्याची मान खाली गेली.

ओल्या कपड्यांनीच ती प्रयोगशाळेत बसून राहिली. तिथल्या साधना मॅडमनी कांड्या तपासल्या, ओल मोजली आणि माल मंजूर केला. पऱ्हाटीच्या गाडीवर पाणी मारायचं नाही, असा हुकूम नईमाने त्यांच्याकडून लिहूनच घेतला. मग ती घरी न जाता थेट तानुबाईकडे गेली. तानुबाई भाकरी थापत होती.

"मावशी, चूक माई हाय. मले माफ करा."

"इथं चुलीपुढं कावून सांगतं?" तानुबाईने तवा उतरवला. "शेडात चौघीच्या देखत काढलं मले. तितंच सांग."

सोमवारी मशीन सुरू करायच्या आधी नईमा सगळ्यांपुढे उभी राहिली.

"पाणी मावशीनं नाई मारलं. माया नवऱ्यानं मारलं. अन् मी न इचारता मावशीले हाकललं. माया हातून लय वाईट झालं." तिला रडू फुटलं, पण ती सगळं बोलली.

तानुबाई दारात उभी राहून ऐकत होती. ती आत आली आणि बायांकडे वळली.

"हे तं बोलली. तुमी त्या दिशी कावून मुक्या होत्या वं?"

तानुबाईने घमेलं उचललं, भुशात घातलं आणि मशीनपाशी आपल्या जागेवर जाऊन बसली.