बंद घरांचा धूर

रेवतीच्या आईचं एक म्हणणं होतं: धूर तिथं माणूस. उत्तरेकडच्या नगरा या रेल्वेवस्तीत वाढलेल्या, रेल्वेतल्या रत्नाकररावांच्या या लेकीनं ते आपल्या शिरगणतीच्या नोकरीतही चालवलं. गावाबाहेरच्या पुलावर उभं राहायचं, धूर निघणारी घरं भराभर टिपून घ्यायची आणि मग आत जाऊन फक्त नावं विचारायची. वेळ वाचतो, पायही वाचतात.

बिजौलीच्या पुढच्या या वस्तीत अडीचशे माणसं भरली तरच सरकार पक्का रस्ता देणार होतं. पावसाळ्यात आजाऱ्याला खाटेवर घालून दोन कोस न्यावं लागे. सगळ्या घरांवर धूर पाहून रेवती खूश झाली. चला, रस्ता झालाच म्हणायचा!

पहिलं दार श्यामसुंदर नावाच्या म्हाताऱ्यानं उघडलं. दुसरंही त्यानंच. तिसऱ्या दारातही तोच, कमरेला किल्ल्यांचा हा जुडगा!

"दद्दा, हे काय?"

"सब दिल्ली गए बिटिया, मजूरी पे। चाबी हमें दे गए। चूल्हा ठंडा रहे तो घर मर जात है।"

रोज पहाटेपासून तो घरोघरी जाई, अंगण झाडी आणि चुलीत एकेक गोवरी पेटवी. धुरापुरती, बस्स. रेवतीला स्वतःच्या हुशारीची लाज वाटली.

नियमात एक सवलत होती. सहा महिन्यांत राहायला परतणार असतील ती माणसं धरायची, शेजाऱ्याचा शब्द पुरे. ती जुन्या यादीतलं एकेक नाव वाचू लागली. "आएँगे," तो म्हणे, आणि ती लिही. आकडा दोनशे सत्तेचाळीसवर आला. उरलं एकच घर, चार माणसांचं. त्याचाच मुलगा मुकेश, त्याची बायको आणि दोन मुलं.

म्हाताऱ्यानं नकारार्थी मान हलवली. "नहीं आएगा। चार साल से नहीं आया।"

"बाकीच्यांचं तर लगेच हो म्हणालात!"

"औरन की आस है, बिटिया। अपने की खबर है।"

चार वर्षांत त्यानं मुलाला कधी विचारलंच नव्हतं. नाही म्हणाला तर त्या घरी चूल कशी पेटवायची? रेवतीनं त्याच्याकडून नंबर घेतला, फोन लावला आणि त्याच्या हातात दिला.

"मुकेश, कब लौटोगे? रहबे के लाने?" राहायला कधी येतोस, एवढं विचारून तो लगेच म्हणाला, "तुमाओ चूल्हा आज भी जलो है।"

पलीकडून आवाज आला, "रोज जलात हौ, दद्दा?"

"रोज।"

"होली पे आ रहे। फिर सोचत हैं।" आणि चूल विझायला नको म्हणून घाईघाईनं, "बुझइयो ना।"

रेवतीनं चार ओळी कोऱ्या ठेवल्या. कागद होळीनंतरच द्यायचे, साहेब रागावले तर रागावोत.

म्हाताऱ्यानं तिला मुकेशच्या घरात बसवलं. त्या चुलीत आज त्यानं धुरापुरती गोवरी घातली नाही. लाकडं घातली, आणि चहाचं आधण ठेवलं.