ओसरीवरचे निरोप

बाबा जाऊन सोळा दिवस झाले होते. दहावीच्या बोर्डाला सहा उरले होते, आणि त्यांच्या इंग्रजीच्या शिकवणीतला एकच धडा राहिला होता: डायरेक्ट-इनडायरेक्ट. नांदेडहून रजा काढून आलेली मी अहमदपूरच्या घरी, पुढच्या खोलीत, फळ्यावर नियम लिहीत होते. डब्यात बाबांनी निम्मे मोडून ठेवलेले खडू होते. बावीस मुलं समोर बसली होती आणि एकालाही काही कळत नव्हतं.

बाहेर ओसरीवर बाबांचे थोरले भाऊ, अर्जुनराव बापू. परीक्षेनंतर शिकवणी बंद, खोली मोबाइलवाल्याला भाड्याने, आई गावी, असं त्यांनी सकाळीच ठरवून टाकलं होतं. माझी नोकरी नांदेडला, मी काय बोलणार? आई तर बोलूच शकत नव्हती. थोरल्या दिराशी ती चाळीस वर्षांत थेट एक शब्द बोललेली नाही. मध्ये कुणीतरी लागतं. आजवर बाबा असत.

आई दारात आली. पुढच्या रांगेतल्या वर्षाराणीला म्हणाली, "बाई, बापूंना म्हणावं, चहा झालाय."

वर्षाराणी बाहेर गेली. "आजोबा, काकू म्हणल्या, चहा झालाय."

"तिला म्हणावं, मला न्हाई पाहिजे."

ती आत आली. "काकू, त्यांना न्हाई पाहिजे म्हणले."

माझा खडू फळ्यावरच थांबला. "वर्षाराणी, हेच इंग्रजीत सांग!"

ती अडखळली, मग एका दमात म्हणाली, "ही सेड दॅट ही डिड नॉट वाँट टी!"

"‘मला’चं ‘त्यांना’ कुणी केलं?"

"कुणी न्हाई ताई, आपोआपच झालं की!"

खोलीत एकच गलका झाला. सत्यम उठून उभा. "ताई, पुढचा निरोप मी नेतो!"

"तू नको," मागून कुणीतरी ओरडलं, "उंबऱ्यापर्यंत निम्मा विसरशील!"

आईसुद्धा हसली, सोळा दिवसांनी. मग पदर सावरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सांग त्यांना, मी गावी येणार न्हाई. शिकवणी बंद होणार न्हाई."

वर्षाराणीने ओसरीवर जाऊन सांगितलं. तिच्यामागून सगळा वर्ग गरजला, "शी सेड दॅट द क्लास वुड नॉट क्लोज!"

"तिला इचार," बापू म्हणाले, "मास्तर कुठून आणणार?"

आता सगळे माझ्याकडे बघत होते. आई सोडून. ती खाली बघत होती.

मी स्वतःच बाहेर गेले. "बापू, शनिवार-रविवार मी येईन."

"दर आठवड्याला?"

"दर आठवड्याला."

बापूंनी तिथूनच मोबाइलवाल्याला फोन लावला. "खोली मिळायची न्हाई. शिकवणी चालू हाय."

आत मुलांचं लगेच भांडण जुंपलं: बापूंच्या या वाक्याला ‘ही सेड’ की ‘ही टोल्ड हिम’?